चूल कुठे पेटते: रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली आणि जिल्ह्यात आलेली घरं

आमच्या वाडीत १७ घरं आहेत. संगमेश्वर तालुक्यात, हमरस्ता सोडून आत, वहाळाच्या वरच्या अंगाला. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, त्यामुळे जवळपास सगळी दारं उघडी असतात. गेल्या मे महिन्यात मी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला: मागच्या आषाढात या घरात चूल पेटत होती का? ६ घरांनी 'हो' म्हटलं. उरलेल्या ११ घरांना पावसाळाभर कुलूप होतं. तरी त्यांतल्या एकाही घराला वाडी रिकामं म्हणत नाही. कुणी गणपतीला दार उघडतं, कुणी शिमग्याला पालखी नाचवायला येतं. रेशनकार्ड इथलं, मतदार यादीत नाव इथलं, घरपट्टीही वेळेवर भरलेली. कागदावर आमची वाडी भरलेली आहे.

हा कागद आणि ती चूल यांच्यातल्या अंतराबद्दल मला लिहायचं आहे. कोकणातून माणसं मुंबईला जातात, यात नवीन काही नाही, ते दीडशे वर्षांचं आहे. पण गेल्या चाळीसेक वर्षांत जाण्याची जातच बदलली. आधी माणूस जायचा आणि पैसा घरी यायचा. आता घरच जातं. ही दोन स्थलांतरं एकाच शब्दात कोंबली, की गावात नेमकं काय घडलं ते दिसेनासं होतं.

अमेरिकेत हे मोजायची एक सोय आहे. तिथलं आयकर खातं लागोपाठच्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांवरचे पत्ते ताडून पाहतं आणि कुठल्या कौंटीतून (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कुठल्या कौंटीत किती विवरणपत्रं गेली, म्हणजे ढोबळमानाने किती कुटुंबं गेली, आणि त्यांच्यासोबत किती उत्पन्न गेलं, हे जाहीर करतं. एखाद्या ग्रामीण कौंटीत आली त्यापेक्षा जास्त कुटुंबं गेली, पण येणाऱ्यांचं उत्पन्न मोठं होतं, असंही त्यातून कळतं. आपल्याकडे हा मार्ग बंद आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, विवरणपत्र भरणारे थोडे आणि भरणाऱ्याचाही पत्ता बहुतेक वेळा आधीपासूनच मुंबईचा. म्हणून आपल्याला जनगणना, सातबारा, शाळेचा पट आणि चूल यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

मनीऑर्डरचा काळ

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यात सुमारे सव्वा लाख माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येतो. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे १८८१ मध्येच मुंबईतला दर सहावा माणूस आमच्याकडचा होता.

कारण जमिनीतच होतं. उताराची वरकस जमीन, पाऊस धो धो पण चारच महिने, भाताचं एकच पीक, आणि त्यातही खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाटा. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. तोवर कुळाच्या घरात वर्षाचं धान्य पुरणं हीच मोठी गोष्ट होती. रोख पैसा हवा तर मुंबई. आधी गलबतं आणि आगबोटी, मग एसटी.

माझे मोठे काका याच वाटेने गेले. लालबागला गावाची एक खोली होती. वाडीतल्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली, पाळीपाळीने झोपायची. भिंतीला खुंट्या, खुंटीला पिशव्या, पिशवीत माणसाचं सगळं बिऱ्हाड. जेवण खाणावळीत. ती चालवणारी बाईही बहुधा कोकणातली किंवा घाटावरची, नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून वीस-पंचवीस जणांचं रांधणारी. पगार झाला की मनीऑर्डर. फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी इवलीशी जागा असायची. काका तिथे प्रत्येक वेळी एकच ओळ लिहायचे: 'भात झोडून झालं का कळव.' काकूला वाचता यायचं नाही. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहून न्यायचा.

त्या काळात घर दोन ठिकाणी विभागलेलं होतं, पण चूल एकच होती आणि ती गावात होती. मुंबईच्या खोलीला चूलच नव्हती. काकू लावणीला पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या रीतीने, बाया जमवायची, बेणणी करायची, सासूचं बघायची. काकांचा पैसा मीठ-मिरची, पोरांची शाळा आणि सोसायटीचं कर्ज यांत जायचा. गावासाठी पैसे गोळा करण्याचीही रीत होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९ व्या शतकातच आपल्या मुरूड गावासाठी मुरूड फंड सुरू केला, त्यात बाहेर कमावणाऱ्या गावकऱ्यांनी मिळकतीतला वाटा घालायचा होता. पुढे मुंबईत गावोगावची ग्रामस्थ मंडळं उभी राहिली ती याच धाग्यातून. आमच्या शाळेची कौलं अशाच वर्गणीची आहेत.

चिपळूण, खेड, दापोली, राजापूर भागातल्या कोकणी मुसलमान घरांची वाट थोडी वेगळी होती. जहाजावरची खलाशाची नोकरी, दक्षिण आफ्रिका, आणि १९७० नंतर आखात. तिथेही माणूस बाहेर आणि घर गावात, हेच गणित. खाडीकाठच्या गावांतले मोठे बंगले त्या पैशाचे आहेत.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या. पहिल्या पावसाळ्यात वाडी भरून गेली होती. काका दोन लावण्या गावात राहिले. मला आठवतात ते पडवीत बसलेले, हाताला काम नसलेले काका. शेत तेवढंच होतं, खाणारी तोंडं वाढली होती.

मग ते परत गेले, ठाण्याला, एका कारखान्यावर कंत्राटी रखवालदार म्हणून. पगार गिरणीच्या मानाने निम्म्याच्या आसपास, भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही. आणि इथेच ती कडी आहे, जी माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी दुर्लक्षिली जाते. लोक म्हणतात, पैसा आला, सुखं हवीशी झाली, म्हणून बायकामुलं मुंबईला गेली. काही घरांचं तसं झालंही असेल. आमच्या वाडीत मात्र उलटं झालं. गिरणीचा कायम पगार होता तोवर त्यावर दोन ठिकाणं चालवता येत होती. तो पगार गेला आणि एका कमाईतून मुंबईत एक माणूस व गावात एक संसार असं दुहेरी ओढणं अशक्य झालं. घरातल्या बाईनेही कमवायला हवं होतं. ते काम गावात नव्हतं. नालासोपारा, दिवा, कळवा, विरार इथे होतं. धुणीभांडी, पोळीभाजी केंद्र, पॅकिंगची कामं. कमाई पातळ झाली म्हणून दोन जागा एक झाल्या, आणि विझली ती गावातली चूल.

काकू लगेच गेली नाही. सासू होती, गाय होती. चुलतभावाचं लग्न झालं, नालासोपाऱ्याला एका खोलीचं घर झालं. सून नोकरी करणारी, नातवाला बघायला कुणी नाही. २००४ च्या दिवाळीनंतर काकूने गाय विकली, देव्हाऱ्यातले देव आमच्याकडे ठेवले आणि ती गाडीत बसली.

जनगणनेत काय दिसतं

२००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या त्या दशकात जवळपास १६ टक्क्यांनी वाढत असताना तीनच जिल्ह्यांची घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. गिरणगाव मुंबई शहर जिल्ह्यात येतं, हे लक्षात घेतलं की तिन्ही नावं एका दोरीत ओवली जातात. आणि वाढला कोण? ठाणे जिल्हा, ३६ टक्क्यांनी. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता, त्यामुळे नालासोपारा आणि विरारही त्यातच.

पण खरी गोष्ट बायका आणि पुरुष वेगळे मोजले की कळते. रत्नागिरीत त्या दहा वर्षांत पुरुष ३३,३७७ ने कमी झाले, बायका ४८,३३१ ने. सिंधुदुर्गात तर पुरुष जेमतेम ५५८ ने घटले आणि बायका १८,६१६ ने. दर हजार पुरुषांमागे बायकांचं प्रमाण रत्नागिरीत ११३६ वरून ११२२ वर आलं, सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६ वर.

हे आकडे मी पहिल्यांदा मांडले तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. आजवर आम्ही हजारावरच्या या प्रमाणाचा अर्थ 'पुरुष मुंबईला' असा लावत आलो, आणि तो बरोबरही आहे. २०११ मध्येही राज्यात सर्वांत वरचं प्रमाण रत्नागिरीचंच होतं. पण लोकसंख्या घटते आहे आणि तिच्यासोबत बायकांचं प्रमाणही घटतं आहे, याचा अर्थ आता जाणाऱ्यांत बायका जास्त आहेत. जन्मदर उतरला हेही खरं, पण त्याने मुलगे आणि मुली दोन्ही कमी होतात. नुसत्या त्याने हा फरक पडत नाही. २००१ ला काकू आमच्या वाडीत मोजली गेली, २०११ ला नालासोपाऱ्यात. रत्नागिरीच्या घटीत ती आहे आणि ठाण्याच्या वाढीतही.

पुरुषांची घट कमी दिसण्याला आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. शिमग्याचे चाकरमानी तेव्हा अजून यायचे होते. आंब्याचा हंगाम मात्र सुरू झालेला होता, मासेमारीच्या बोटी समुद्रात होत्या, चिरेखाणी चालू होत्या. म्हणजे बाहेरून आलेले कामगार, त्यातही बहुतांश पुरुष, त्या दिवसांत जिल्ह्यात होते. गेलेल्या पुरुषांची जागा आकड्यात त्यांनी काही अंशी भरून काढली असणार.

आलेली घरं

हे आलेले लोक कोण, याबद्दल गावात बोललं जातं ते बरेचदा नाराजीने. मला ते पटत नाही. हापूसच्या बागा राखायला नेपाळची माणसं आहेत. मोहोर धरायच्या आधीपासून ते आंबा उतरेपर्यंत बागेतल्या खोपटात राहतात, वानरं हाकतात, फवारणीला मदत करतात. मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी आणि इतर राज्यांतले खलाशी आहेत. जांभ्याच्या खाणीत आणि बांधकामावर कर्नाटकातली कुटुंबं आहेत. लोटे-परशुरामच्या कारखान्यांत उत्तर भारतातले कंत्राटी कामगार आहेत.

या मागणीचं मूळ शासनाच्या एका चांगल्या योजनेत आहे. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमं लागली. भाताला वर्षातून चार महिने पुष्कळ हात लागतात. बागेला पाच-सहा महिने थोडे हात लागतात, पण ते रोज तिथे हवेत. मुंबईत नोकरी करणारा मालक ते देऊ शकत नाही. मग नेपाळचा माणूस येतो, आणि अलीकडे पुष्कळदा बायकोमुलांसह येतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दोन आकड्यांत टिकून आहे तो बागेतल्या दोन नेपाळी मुलांमुळे. त्यातली मोठी मुलगी मराठी कविता आमच्या पोरांपेक्षा स्वच्छ म्हणते. दहावीच्या निकालात कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं येतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती पहिली आलेली मुलं कुठल्या गाडीने निघतात, हेही सगळ्यांना माहीत असतं.

पैशाची दिशाही फिरली आहे. जिथे मनीऑर्डर यायची तिथून आता पैसे बाहेर जातात: राखणदार घरी पाठवतो, गवंडी गावी पाठवतो, म्हातारं माणूस दुखण्याला कोल्हापूर किंवा मुंबई गाठतं, पोरांची फी पुण्याला जाते. भात पेरलं नाही म्हणून तांदूळ विकत. चाकरमान्यांचा पैसा अजूनही येतो, पण आधी महिन्याला थोडा थोडा येऊन तो खाण्यात जिरायचा. आता चार-पाच वर्षांनी एकदम मोठा येतो आणि घराच्या स्लॅबमध्ये, देवळाच्या जीर्णोद्धारात, गणपतीच्या दहा दिवसांत जातो. काकांनी आणि चुलतभावाने २०१२ मध्ये मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधलं. वर स्लॅब, खाली फरशी, न्हाणीत गरम पाण्याचा नळ. त्या घरात वर्षाला वीस दिवस कुणी राहतं. बांधकाम चाललं तेव्हा वाडीतल्या दोघांना दोन महिने काम मिळालं, बाकी मजुरी बाहेरच्या गवंड्यांना आणि सामान चिपळूणच्या दुकानातून. आलेला पैसा वाडीत एक हंगामही थांबला नाही.

सातबाऱ्यावरची २९ नावं

२०२० मध्ये चाकरमानी एकदम परतले तेव्हा काही जणांनी इथेच राहायचं मनात घेतलं होतं. शाळेत विलगीकरणाचे १४ दिवस काढून ते बाहेर आले, कोयते घेतले आणि बांध साफ करायला लागले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड-दापोलीकडे त्याने बागा झोपवल्या, आमच्याकडे थोडक्यात निभावलं. त्या पावसाळ्यात पडीक गेलेल्या भाताच्या तीन कुणग्यांत (खाचरांत) पुन्हा लावणी झाली. चूल पेटलेली घरं ६ वरून १३ झाली होती. मला वाटलं, बदल होतोय.

चुलतभावाने शेळीपालनाची शेड घालायचं ठरवलं. बँकेने सातबारा मागितला. त्यावर २९ नावं आहेत. पणजोबांच्या चार मुलांचे वारस, त्यांतल्या काही मुली सासरी गेलेल्या, दोघे हयात नाहीत पण त्यांच्या वारसांची नोंद नाही, एकजण कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. कर्जाला किंवा अनुदानाला सगळ्यांचं संमतिपत्र हवं. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून घेता येतं, पण व्यवहारात त्यालाही सगळे एका ठिकाणी आणि एका मताचे लागतात. मुंबईतल्या नातेवाइकांना भीती वाटते की सही दिली तर हक्क जाईल. ती भीती मला समजते. खोती आणि कूळ यांच्या कोर्टकचेऱ्या बघितलेल्या घरांना सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे गावाशी उरलेला शेवटचा दोर वाटतो. पण तो दोर सगळ्यांनी धरून ठेवला की परत यायला निघालेल्याचे पाय त्यातच अडकतात.

चुलतभाऊ आठ महिने तालुक्याला खेटे घालत राहिला. मग ठाण्याची नोकरी परत सुरू झाली आणि तो गेला. २०२१ च्या पावसाळ्यात आमच्याकडे ७ चुली उरल्या होत्या, आता ६ आहेत.

जमीन विकणं मात्र याच २९ जणांना सोपं वाटतं, हे मला खटकतं. पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक आला, पैसे दाखवले की एजंटच दोन महिन्यांत सगळ्यांच्या सह्या गोळा करतो. शेजारच्या वाडीत असा एक डोंगरउतार गेला. तिथे आता कुंपण आहे, आत एक बंगला आहे आणि त्याचा राखणदार नेपाळचा आहे. त्या जमिनीवर पूर्वी तीन घरांची नाचणी व्हायची.

माझं म्हणणं असं आहे की जिल्ह्याने आणि गावानेही चाकरमान्यांसाठी योजना आखताना त्यांना एकगठ्ठा धरू नये. गणपतीला जादा एसटी सोडणं चांगलंच आहे, पण ती वर्षातल्या वीस दिवसांची सोय झाली. जो आषाढात राहू इच्छितो, त्याच्या तीन अडचणी आहेत: सातबारा, दवाखाना आणि रोजची गाडी. यातल्या पहिलीसाठी तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी गणपतीच्या आठवड्यात, सगळे वारस गावात असताना, वाडीवर बसून वारस नोंदी आणि संमतीचं वाटप करावं. एवढं एक जरी झालं तरी पुष्कळ होईल. गेल्या वर्षी ग्रामसभेत मी हे मांडलं. ठराव झाला, वहीत आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ ची. प्रगणक पुन्हा फेब्रुवारीत येईल, शिमग्याच्या आधी. तेव्हा आमच्या वाडीत तो किती घरांपुढे 'कुलूप' लिहील, हे थोडंफार काकूवर अवलंबून आहे. काका गेले, नातू कॉलेजात गेला, नालासोपाऱ्याच्या खोलीत तिची आता तशी गरज नाही, आणि जिने चढवत नाहीत. मे महिन्यात ओटीवर बसून ती मला म्हणाली, "यायचंय रे मला. पण संध्याकाळची एसटी बंद केली त्यांनी. रात्री काही झालं तर तालुक्याला कशी जाऊ? आणि आजूबाजूला दोन घरं तरी जागी हवीत." तिच्या घराच्या डावीकडच्या घराला कुलूप आहे. उजवीकडच्या घरात ८१ वर्षांच्या आजी एकट्या राहतात आणि त्यांचा मुलगा त्यांना या दिवाळीनंतर दिव्याला न्यायचं म्हणतोय.